कान तपासायला पहिल्यांदा जाताय? आत काय होतं ते आधी समजून घ्या

मराठवाड्यात कान तपासायला माणूस सहसा स्वतःहून येत नाही, त्याला कुणीतरी घेऊन येतं. लेक म्हणते, "आबा टीव्ही लई मोठा लावतात." सून म्हणते, "मामंजी फोनवर नुसतं हां-हां करतात." आणि ज्यांचे कान तपासायचे ते समोर अवघडून बसलेले असतात, कारण आत काय करणार हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. सुई टोचतील का, कानात काही घालतील का, आणि सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे "चुकलं तर काय?"

मी लातूरला ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकणं तपासणारी तज्ज्ञ, म्हणून काम करते. ही धास्ती घालवण्यासाठीच हे लिहिते आहे. मोठ्या माणसाच्या नेहमीच्या तपासणीत काही टोचत नाहीत आणि काही दुखत नाही. इथं पास-नापासही नसतं. ऐकू आलं तर आलं, नाही आलं तर नाही, एवढंच खरंखरं सांगायचं असतं.

जायचं कुठं

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं. ते दुर्बिणीतून कान बघतील, मळ असेल तर काढतील, पडदा शाबूत आहे का पाहतील. बरेच डॉक्टर लोखंडी चिमट्यासारखा दिसणारा एक काटा वाजवून कानाजवळ आणि कानामागच्या हाडावर धरतात. त्यावरून दोष साधारण कुठं आहे याचा अंदाज येतो. त्यानंतर ते 'ऑडिओमेट्री', म्हणजे ऐकण्याची मोजणी, 'करून या' म्हणून चिठ्ठी देतात, आणि तिथून आमचं काम सुरू होतं.

सरकारीत जायचं तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर आणि नांदेडची वैद्यकीय महाविद्यालयं इथं कान-नाक-घसा विभाग आहेत. ओपीडी सकाळची असते. केसपेपर, डॉक्टर, मग तपासणीची खोली असा तिहेरी नंबर लागतो, म्हणून गावाकडून येणाऱ्यांनी पहिली एसटी धरावी आणि दुपारच्या परतीची घाई ठेवू नये. काही तपासण्यांना त्याच दिवशी नंबर लागत नाही, पुढची तारीख मिळते. ती केसपेपरवर लिहूनच घ्या.

खासगीत जाणार असाल तर दोन गोष्टी बिनधास्त विचारा. पहिली, तपासणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी झालेली ऑडिओलॉजिस्ट आहे का. दुसरी, आवाजबंद खोली आहे का. रस्त्याकडच्या दुकानात, डोक्यावर पंखा आणि बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू असताना केलेल्या तपासणीत चांगला कानही कमी भरतो, कारण बारीक आवाज बाहेरच्या गोंगाटात बुडून जातो. 'मोफत कान तपासणी शिबिर' असा बोर्ड बघून गेलात तरी हरकत नाही, पण तिथला निकाल म्हणजे नुसती पहिली चाळणी. त्या एका कागदावर त्याच दिवशी कानाचं मशीन विकत घेऊ नका, हे मी कळकळीनं सांगते.

एका बाबतीत मात्र नंबर, तारीख, सवड असलं काहीही बघत बसू नका. चांगला ऐकणारा कान अचानक, एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत बंद पडला तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा. हे तातडीचं दुखणं आहे. पहिल्या काही दिवसांत औषध सुरू झालं तर ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त असते, आठवडे गेले की ती झपाट्यानं कमी होते. 'दडे बसलेत, सुटतील' म्हणून वाट बघणारे आणि करडईच्या तेलात लसूण कढवून कानात सोडणारे लोक नेमके हेच दिवस घालवतात. कानातून रक्त येणं, जोराची चक्कर, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं यालाही हाच नियम.

आदल्या दिवशी

मोठ्या आवाजापासून लांब राहा. वरातीचा डीजे, मळणी यंत्र, जिनिंग, जालन्याच्या रोलिंग मिलमधली किंवा वाळूजच्या प्रेस शॉपमधली पाळी, हे सगळं त्यात येतं. जोरात आवाज ऐकल्यावर कान काही तास सुन्न राहतात आणि तपासणीत खोटंच कमी दिसतं. म्हणून तपासणीआधी निदान एक पूर्ण रात्र कानाला शांतता हवी. रात्रपाळी करून थेट येऊ नका.

तेल, काडी, पिन, किल्ली यातलं काहीही कानात घालू नका. बाजारात बसून कान कोरून देणाऱ्याकडंही जाऊ नका. पडद्याला भोक असेल तर तेल आत उतरून कान वाहायला लागतो. भोक नसलं तरी तेलकट कानात डॉक्टरांना नीट काही दिसत नाही. सर्दी भरलेली असेल आणि काम तातडीचं नसेल तर फोन करून तारीख पुढं ढकला.

सोबत जुने रिपोर्ट आणा, आणि चालू गोळ्यांची पाकिटंच उचलून आणा. 'पांढरी गोळी' म्हटल्यानं आम्हाला काही कळत नाही. मशीन वापरत असाल तर तेही आणा. आणि घरातलं एक माणूस, जे रोज तुमच्याशी बोलतं, ते सोबत असलेलं फार बरं. कुठं अडतं हे बहुतेक वेळा त्यालाच जास्त ठाऊक असतं.

आधी विचारपूस

खोलीत जाण्याआधी बरंच विचारतात. कधीपासून, एका कानाला की दोन्हींना, कानात गुंई आवाज येतो का, लहानपणी कान फुटायचा का, चक्कर, साखर, बीपी, कामाच्या जागेचा आवाज. टीबीची इंजेक्शनं घेतली असतील तर आवर्जून सांगा, खूप वर्षांपूर्वी घेतली असली तरी सांगा. त्यातल्या काही औषधांनी कानाची नस दुबळी होते.

लहान मुलाच्या बाबतीत आई-वडील नात्यातले आहेत का, हेही विचारलं जातं. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे, आणि हा प्रश्न ऐकला की आयांचे चेहरे उतरतात. यात दोष कुणाच्याही माथी मारायचा नसतो. जन्मतः बहिरेपणाची काही कारणं रक्ताच्या नात्यातल्या लग्नात जास्त आढळतात, आणि पुढच्या बाळाची तपासणी वेळेत करायची तर आम्हाला ते माहीत असावं लागतं.

आवाजबंद खोलीत

जाड दाराची, भिंतींना मऊ आवरण लावलेली लहानशी खोली असते. मध्ये काच, काचेपलीकडं आम्ही यंत्र घेऊन बसतो. दार लागलं की काही जणांना कोंडल्यासारखं वाटतं. तसं वाटलं तर लगेच सांगा, दार बाहेरून कुलूपबंद नसतं आणि आमची नजर तुमच्यावरच असते.

बसण्याआधी चष्मा, कानातले वेल, मोठ्या कुड्या, टोपी, फेटा काढून ठेवावा लागतो, कारण हेडफोन कानावर घट्ट बसला पाहिजे. बोरमाळ, मंगळसूत्र राहू द्या. हातभर काचेच्या बांगड्या असतील तर हात मांडीवर स्थिर ठेवा. बटण दाबताना बांगड्या किणकिणल्या की पुढचा बारीक आवाज हुकतो. खोलीत इतकी शांतता असते की बांगडीही मध्ये येते. मोबाइल बाहेरच्या माणसाकडं द्या.

हेडफोनची लाल बाजू उजव्या कानावर, निळी डाव्या कानावर. हातात एक बटण दिलं जातं, किंवा बोट वर करायला सांगतात. मग 'टूं टूं' असा एकसुरी आवाज येतो. आला की बटण दाबायचं, आवाज थांबला की सोडायचं. कामाची रीत एवढीच.

बरा ऐकू येणारा कान आधी घेतात. सुरुवात बहुधा 1000 हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे स्वराच्या उंचीचं माप) मधल्या स्वरानं होते, मग 2000, 4000, 8000 असं चढत जायचं, पुन्हा 1000 तपासून 500 आणि 250 च्या भरड्या स्वरांकडं उतरायचं. प्रत्येक स्वराला तुम्ही बटण दाबलंत की आम्ही आवाज 10 डेसिबलनं (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा याचं माप) कमी करतो. ऐकू येणं थांबलं की 5-5 डेसिबलनं वाढवतो. असं खालीवर करत, जेमतेम ऐकू येणारी पातळी पकडायची असते.

आता बघा, लोक घाबरतात ते इथंच. आवाज बारीक होत होत जवळजवळ नाहीसा होतो आणि माणसाला वाटतं आपलं बिघडत चाललंय. खरं तर तपासणी नीट चालल्याची ती खूण असते. चांगल्या कानाच्या माणसालाही या खोलीतले बरेच आवाज पुसटच लागतात. म्हणून आवाज आल्यासारखा वाटला, अगदी लांबून आल्यासारखा वाटला, तरी दाबा. पण काहीच नसताना 'आता येणारच' म्हणून अंदाजानं दाबू नका. मध्ये आम्ही मुद्दाम थांबतो, वेळ कमीजास्त करतो. काचेतून माझ्या हाताकडं बघून दाबणारे पुष्कळ असतात, म्हणून बसवतानाच आम्ही खुर्ची थोडी वळवून ठेवतो. त्याचा राग मानू नका.

थकलात तर सांगा. वयस्कर माणसाचं लक्ष दहा-पंधरा मिनिटांनी ढळतं, ते साहजिक आहे. पाणी पिऊन, पाच मिनिटं बसून पुन्हा सुरू करता येतं.

यानंतर हेडफोन काढून कानामागच्या हाडावर एक लहान ठोकळा पट्ट्यानं बसवतात. तो थोडा टोचल्यासारखा घट्ट लागतो, पण इजा होत नाही. याचा आवाज हाडातून थेट आतल्या कानात पोचतो, बाहेरचा कान आणि पडदा बाजूला राहतो. हेडफोनमधून कमी ऐकू येतं आणि हाडातून चांगलं येतं, असं निघालं तर आतला कान ठीक, अडथळा वाटेत आहे: मळ, पाणी, फुटलेला पडदा, कानातलं जखडलेलं हाड. असा दोष औषधानं किंवा ऑपरेशननं बरा होण्याची आशा बरीच असते. दोन्हीकडून सारखंच कमी आलं तर आतल्या कानाचा किंवा नसेचा दोष, आणि तिथं बहुधा मशीनचाच आधार लागतो. काहींना दोन्ही मिसळलेलं असतं.

मध्येच एका कानात पत्र्यावर पाऊस पडावा तसा सूं आवाज सोडला जातो. एका कानाचा आवाज दुसऱ्यानं चोरून ऐकू नये म्हणून त्या कानाला गुंतवून ठेवायचं असतं. त्या आवाजाकडं दुर्लक्ष करा, 'टूं' आला तरच दाबा.

शब्द आणि दाब

'आवाज येतो, पण शब्द कळत नाही' ही तक्रार आम्ही रोज ऐकतो. म्हणून नुसते स्वर तपासून भागत नाही. हेडफोनमधून शब्द म्हटले जातात आणि तुम्ही ते परत म्हणायचे असतात. पुस्तकी उच्चाराची काळजी नको, तुम्ही जसं बोलता तसं म्हणा. घरात दखनी, बंजारा, तेलुगू किंवा कानडी बोलत असाल तर सुरुवातीलाच सांगा. शब्दच परका असेल तर चुकतो, आणि तो दोष कानाच्या खात्यावर पडतो. अर्धवट ऐकू आलं तरी जे ऐकलं तेच बोला. तुम्ही नेमकं कुठं चुकता, यातूनच आम्हाला खूप कळतं. वयानं कान गेला की आधी उंच स्वर जातात, आणि स, श, फ यांसारखी अक्षरं त्या उंच स्वरांतच असतात. मग मोंढ्यात 'साठ' म्हटलेलं 'आठ' ऐकू येतं. माणूस आवाजावर येतो, 'नीट बोल ना, काय पुटपुटायलास?' म्हणतो, आणि समोरच्याला वाटतं हा उगाच भांडतोय.

दाबाची तपासणी सोपी असते. कानात मऊ रबरी बूच बसवतात, काही सेकंद दडे बसल्यासारखं वाटतं, यंत्र आपोआप आलेख काढतं. बोलायचं नाही, गिळायचं नाही, हलायचं नाही. मग दोन-चार मोठे आवाज येतील, ते आले तरी काही दाबायचं नाही. पडद्यामागं पाणी आहे का, पडदा नीट हलतो का, हे यात कळतं.

सगळं मिळून मोठ्या माणसाला अर्धा ते एक तास धरा.

लहान बाळ असेल तर

बाळाला बटण दाबता येत नाही म्हणून 'मोठं झाल्यावर बघू' म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगते, थांबू नका. जगभर मानलेला हिशोब असा आहे: पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार सुरू. ऐकलं नाही तर बोलणं येत नाही, आणि ते वय परत मिळत नाही. 'याचा बापही उशिरा बोलला होता' हे वाक्य आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी आज्या म्हणतात, आणि त्यात पोराची वर्षं जातात.

चाळणीला ओएई म्हणतात. झोपलेल्या बाळाच्या कानात बारीक नळी ठेवायची, काही मिनिटांत काम संपतं. त्यात शंका आली तर बेरा करतात. कपाळावर आणि कानामागं चिकटपट्ट्या लावून, आवाजाला नस आणि मेंदू कसं उत्तर देतात ते संगणकावर बघायचं. शॉक नसतो. पण बाळ गाढ झोपलेलं लागतं आणि तास-दीड तास सहज जातो. निलंगा, अहमदपूरहून येणारी बाळं एसटीच्या धक्क्यात वाटभर झोपतात आणि आमच्या खोलीत टक्क जागी होतात. म्हणून आदल्या रात्री उशिरा झोपवा, पहाटे उठवा आणि प्रवासात जागं ठेवा. झोपेचं औषध द्यायची वेळ आली तर ते रुग्णालयातच, डॉक्टरांच्या देखरेखीत द्यायचं. त्याआधी दूध किती वेळ बंद ठेवायचं ते विचारून घ्या.

तीन वर्षांच्या पुढच्या मुलांची तपासणी खेळातून होते: आवाज आला की ठोकळा डब्यात टाकायचा. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांना कानाची शंका सांगा. ते जिल्ह्याच्या केंद्राकडं पाठवतात.

तो आलेख कसा वाचायचा

हातात मिळतो तो ऑडिओग्राम. डावीकडून उजवीकडं भरड्या स्वरापासून उंच स्वराकडं, आणि वरून खाली हळू आवाजापासून मोठ्या आवाजाकडं. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. खुणा जितक्या खाली, तितकं ऐकणं कमी. मोठ्या माणसाचं 25 डेसिबलपर्यंत चांगलं धरतात, 26 ते 40 सौम्य, 41 ते 55 मध्यम, 56 ते 70 मध्यम-तीव्र, 71 ते 90 तीव्र, त्यापुढं अतितीव्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या वर्गवारीत चांगल्याची हद्द 20 डेसिबलच्या आत आली आहे, म्हणून दोन ठिकाणच्या रिपोर्टमध्ये शब्द वेगळे दिसू शकतात. शब्द सोडा, आकडा बघा. गिरणी-कारखान्यात काम केलेल्यांचा आलेख 4000 च्या आसपास खड्ड्यासारखा खाली गेलेला दिसतो. तो दिसला की कामावर कानाला प्लग लावायला आजच सुरुवात करा.

बहुतेक जण विचारतात, "किती टक्के गेला?" 60 डेसिबल म्हणजे 60 टक्के नव्हे. टक्के काढायचं कोष्टक वेगळं असतं आणि ते दिव्यांग प्रमाणपत्रापुरतं लागतं. 2016 च्या कायद्यानुसार बोलण्याच्या स्वरांत दोन्ही कानांना 60 ते 70 डेसिबल कमी असेल तर कर्णदोष आणि 70 डेसिबल किंवा त्याहून जास्त कमी असेल तर कर्णबधिर, असं धरतात. एकच कान गेला असेल तर यात बसत नाही. प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करून जिल्हा रुग्णालयात किंवा नेमलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणीला जावं लागतं. खासगी रिपोर्ट सोबत न्या, पण तिथं पुन्हा तपासतात. कधी बेराही मागतात.

पुढं काय

रिपोर्ट घेऊन परत कान-नाक-घसा डॉक्टरांकडं जा. हे टाळू नका. एकाच कानाला कमी, कान वाहतो, किंवा वाटेतला अडथळा असेल तर मशीनच्या आधी उपचाराचा विचार व्हायला हवा.

मशीन लागलं तर ते तुमच्या आलेखाप्रमाणं संगणकावर बसवून घ्यायचं असतं. बाजारात स्वस्तात मिळणारा आवाज वाढवणारा डबा सगळेच आवाज सारखे फुगवतो: भांड्यांचा, पंख्याचा, बोलण्याचा. लोक ते आठवडाभर घालून कपाटात ठेवतात आणि 'मशीननं काही होत नाही' असं गावभर सांगतात. खरेदीआधी कानाला लावून बघू द्या म्हणा, बाहेर रस्त्यावर जाऊन या, घरच्यांशी बोलून बघा, बॅटरी आणि दुरुस्ती जवळ कुठं होते ते विचारा. परवडत नसेल तर केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या दिव्यांगांना मशीन मिळतं. तपासणी आणि वाटपाची शिबिरं जिल्ह्यात लागतात, चौकशी समाज कल्याण कार्यालयात करा.

मशीन लागल्यावर पहिले काही आठवडे स्वतःचाच आवाज घुमल्यासारखा वाटतो. सुरुवातीला शांत घरात दोन-तीन तास वापरा, मग वाढवत न्या. महिन्याभरात परत येऊन काय त्रास होतो ते सांगा, आम्ही आवाज बसवून देतो. त्यानंतर वर्षातून एकदा तपासणी, गोंगाटात काम करणाऱ्यांनीही तसंच. येताना जुना आलेख आणा, दोन कागद शेजारी ठेवले की कान कुठं थांबलाय आणि कुठं उतरतोय ते लगेच दिसतं.